मनकर्णाबाईची झोप

आमच्या केनवडात मनकर्णाबाई म्हनून एक बाई होती. तिले उभ्या जन्मात एकच गोष्ट पाह्यजे होती. सोनं नाई, लुगडं नाई, तीर्थ नाई. एक दिवस अंगावर ऊन येओस्तोर झोपाचं. बस, एवढंच. अन् एवढंच तिले भेटत नोतं.

राखेच्या पायी भेटत नोतं.

आता तुमी म्हनसान, राख त घरोघरी असते वो चतुराबाई, तिच्या पायी कोनाची झोप जाते का? जाते बाप्पा. तिच्या नवऱ्याच्या, बबनरावच्या घरची चूल पाह्यली असती त तुमी असं बोलले नसते. घर मोठं, खानारी तोंडं लय. दीर, जावा, पोट्टे, सालगडी. तशीच चूल. पुढं दोन तोंडं, अन् बाजूले वैल. वैल म्हंजे काय, त मोठ्या चुलीतली आच मातीच्या बोगद्यातून बाजूले जाते अन् तिथं वरन शिजत राह्यते, लाकूड वेगळं लागत नाई. लय सोईचं. पन बोगदा राखेनं भरला का मंग आच जात नाई, धूर उलटा येते, अन् घरातले सारे मानसं मयतीतून आल्यावानी डोळे पुसत बसतेत.

आमच्याकडं जळन कोनतं, त पऱ्हाटी अन् तुराटी. कापूस वेचून झाला का पऱ्हाटी उपटाची, तूर झोडली का तुराटी बांधाची, अन् वर्सभर तेच जाळाचं. भडकन पेटते, भडकन विझते, अन् राख सोडते ती आट्यावानी बारीक. दोन वक्ताचा सयपाक झाला का चूल गळ्यालोक भरली.

ते बी जाऊ द्या. दिवसा काढली असती तिनं. पन तिची सासू मोठी न्यारी बाई होती. मनकर्णा नवी नवरी होऊन आली तवा सासूनं तिले चुलीपुढं बसवलं अन् सांगतलं, या घरात कालची राख आजच्या सूर्यानं पाहू नये. अन् सांज झाल्यावर राख दाराबाहेर न्याची नाई, लक्ष्मी जाते. म्हंजे रातच्याले काढता येत नाई अन् उजाडल्यावर चालत नाई. राह्यलं काय मंग? कोंबड्याच्या आधी उठनं. सासू बिचारी मरून गेली, पन जाताना हे पहाट मनकर्णाच्या पदराले बांधून गेली. आमच्या घरच्या चुलीतलं सूर्यानं काय काय पाह्यलं असन ते इच्यारू नका. सूर्यच लाजून दुसऱ्या दारी जाये.

मी तिच्या घरी रोज पहाटं जाओ. कायले, त इस्तो, जिता निखारा, मांगाले. माह्या चुलीत इस्तो राह्यतच नोता, अन् आगपेटीले घरचे बोंब मारत. मंग खापर घेऊन मनकर्णाच्या दारी. ती चुलीपुढं बसलेली असे. पयले ती उलट्या हातानं राखेवरून हात फिरवे, लेकराचा ताप पाहावा तसा. इस्तो कुठी निजला हाय ते तिले हातालेच कळे. आदल्या सांजेले बाभळीचा खोडका राखेत पुरून ठेवलेला असे, त्याचे लाल निखारे चिमट्यानं काढून ती खापरात ठेवे अन् वरन चिमूटभर राख टाके. मंग मोडक्या उलथन्यानं राख पुढं ओढे. वैलाच्या बोगद्यात उलथनं वळत नाई, म्हनून तिथं हातच घाले, कोपरालोक. ते राख चाळाची. कोळसे एकीकडं, बारीक राख भांडे घासाले मडक्यात, बाकीची टोपल्यात भरून कांद्याच्या वाफ्यात. अन् चुलीच्या बुडाशी बोटभर राख ठेवून देयाची, निजाले आंथरून ठेवतेत तशी. मंग शेनामातीचं पोतेरं, मंग रांगोळीची रेघ, मंग हळदीकुंकू. तेवा कुठी पऱ्हाटी लावून फुंकनी तोंडाले. अन् फुंकनी ठेवली का खोकला.

तिच्या उजव्या हातावर केस म्हनून नोता. सारे जळून गेलते. नखं कायम करडी.

"मनकर्णे," मी म्हनो, "तुहा उजवा हात बबनरावचा नाई वो, चुलीचा हाय."

"अन् डावा?"

"डावा म्हशीचा."

"मंग बबनरावले काय राह्यलं?"

"त्याईले भाकर हाय न. बायको कायले पाह्यजे त्याईले?"

ती हासे, अन् हासता हासता खोकलत बसे. मंग भिंतीले टेकून म्हने, "चतुरे, मले एक दिवस ऊन येओस्तोर झोपू दे वो कोनी." हे ती मले म्हने, चुलीले म्हने, मांजरीले म्हने. ऐकनारी आमी तिघीच होतो.

मंग तिच्या पोराचं, जगदेवचं लगन झालं. रिसोडची पोट्टी, रुख्मिणी. ठेंगनी, काळीसावळी, हातापायाची चपळ. मी मनात म्हटलं, झालं, आता मनकर्णीले झोप भेटते. पोट्टी आल्या आठवड्यालेच पहाटं उठून आली अन् म्हने, "आई, म्या काढू का राख?"

"काढशील माय, काढशील. आधी आंगची हळद त उतरू दे."

हळद उतरली. मंग म्हने सन होऊ दे. सन झाला. मंग म्हने थंडी जाऊ दे. मी इस्तो घेताना हे ऐको अन् मले राहवे नाई.

"मनकर्णे, तूच सोडत नाईस वो राख."

"कोन म्हनते? मी त थकली."

"थकली त दे न तिले."

"देईन. तिले वैल कळू दे."

"हात घातल्याबिगर वैल कळन कसा?"

ती कुरकुर करत पोतेरं पिळे. रुख्मिणी माह्याकडं पाहे अन् मी रुख्मिणीकडं. पोट्टी गालात हासे, पन डोळ्यात हासू नसे. ज्या घरात राख बी हाती देत नाईत त्या घरात मी हाव कोन, असं तिले वाटत असन. वाटनारच.

तेवा लढाईचे दिवस होते. दुकानात घासलेट नाई, आगपेटी नाई. अनसिंगाहून मनकर्णाच्या थोरल्या बहिनीचा, सोनीबाईचा, सांगावा आला का चार दिवस ये, लय वर्स झाले, तोंड पाहून घेऊ. बबनराव म्हने, "जाय न." अन् मंग दोन घास खाऊन म्हने, "पन चुलीचं?" दीर म्हने, "वहिनी, तुमी गेल्या त घरात धूर होईन." जावा काई म्हनत नोत्या, त्याईले भेव होतं का राख आपल्या गळ्यात पडन. अन् मनकर्णा सोता म्हने, "नाई जमत. चुलीचं कोन पाहीन." बैलाची दमनी जुपाचीच राह्यली.

मंग एक पहाट अशी झाली का मी खापर घेऊन गेली त मनकर्णा चुलीपुढं भिंतीले डोकं टेकून बसलेली. उजवा हात वैलाच्या बोगद्यात, कोपरालोक. तोंड उघडं. मी हाक देल्ली, ऊं नाई का चूं नाई. मी खापर टाकलं अन् तिचे खांदे धरून हालवले.

तिनं डोळे उघडले. म्हने, "काय वो?"

"काय वो म्हनते अजून. जीव गेलता माहा. झोपली होतीस?"

"मी नाई झोपली. राख थंडी व्हाची वाट पाहून राह्यली होती."

राख केवढी थंडी झाली होती ते काय सांगू. हात काढला त मनगटावर फोड आलता, अन् तिले कळलं बी नोतं.

मी त्या दिवसाची सकाळ काई वाया जाऊ देल्ली नाई. थेट बबनरावपुढं. ते ओसरीत दात घासत होते, राखेनंच. म्हटलं, "भाऊजी, दात काय घासता, जिनं राख काढली तिचा हात पाहा जाऊन. तिले अनसिंगले धाडता का मी धाडू? मी धाडली त गावाले सांगत सांगत धाडीन."

बबनराव माह्या तोंडाले भेत. सारंच गाव भेत होतं, त्यात काई नवं नाई. दुसऱ्या दिवशी दमनी जुपली.

मनकर्णा निघाली, पन तिचं सांगनं काई सरेना. दमनीत एक पाय अन् रुख्मिणीले सांगून राह्यली, वासराले मोकळं सोडजो नोको, ताक झाकून ठेवजो, मामंजीले भाकर कडक लागते, वैलात हात घालताना बांगड्या वर सारजो. बैल कंटाळून चालू लागले तरी मांगं वळून सांगून राह्यली. सारं सांगतलं. बोटभर राख बुडाशी ठेवाची, एवढंच नाई सांगतलं. तिले वाटलं ते काय सांगाचं, ते त सारेच करतेत. श्वास घेजो म्हनून कोनी सांगते का?

आता रुख्मिणीच्या मायघरी गोवऱ्या जाळत. गोवरीचा इस्तो आपोआप निजते, सकाळपर्यंत मऊ राह्यते. तिथली चूल खरडून खरडून साफ करतेत, पानी मारतेत, अन् तेच चांगलं दिसते. पोट्टीले पयल्यांदा घरची राख हाती भेटली होती. तिनं त्या पहाटं चूल अशी काढली का आमची म्हातारी देवी बी एवढी कधी न्हाली नसन. बुडाची माती चमके. बोगदा आरसा. सारी राख, सारीच, टोपल्यात भरून कांद्याच्या वाफ्यात टाकून आली. मंग चांगलं ओलं पोतेरं, हातभर पान्याचं. निखारे काढून ठेवले खापरात उघडे. वर टाकाले घरात राख होतीच कुठी? भांड्याच्या राखेचं मडकं बी आदल्या सांजेलेच सरलं होतं. तिचं पोतेरं होओस्तोर निखारे काळे.

अन् दिवस कोनता, त अवसेचा. अवसेच्या दिवशी आमच्यात कोनी कोनाले इस्तो देत नाई. म्हनून मी आदल्या सांजेलेच आनून ठेवत जाओ. त्या सांजेले बी आनलता, पन माह्या चुलीचा सभाव तुमाले सांगतलाच. मी खापर पदराखाली झाकून, बोलाले आली म्हनत गेली, मनात म्हटलं पोट्टी नवी हाय, अवस ध्यानात नसन. जाऊन पाहतो त पोट्टीच माह्याकडं पाहून राह्यली.

"काकू, तुमच्या घरी इस्तो हाय का?"

"मी तुह्याकडं आली माय."

दोघी एकमेकीच्या खापराकडं पाहत बसलो. तेवा मले कळलं का अर्धी गल्ली मनकर्णाच्या एका चुलीवर जगत होती. फुलचंदच्या दुकानी गेली त तो म्हने, "आगपेट्या लढाईले गेल्या, काकू." मी म्हटलं, "मंग तू काहून नाई गेला?" शेवटी बबनरावचा सालगडी इंद्रभान कामी आला. त्याच्या कमरेले चकमक अन् कापसाचा बोळा कायम, चिलमीसाठी. त्याची चिलीम सुटावी म्हनून त्याच्या बायकोनं नवस केलता. त्या दिवसापासून तिनं तो वापस घेतला. त्यानं ठिनगी पाडली, कापूस धरला, फुंकला, अन् रुख्मिणीनं पऱ्हाटी लावली.

ओल्या चुलीत. बुडाशी राख नाई. उघड्या ओल्या मातीवर भडका.

पयले वाफ निघाली. मंग कडकन आवाज झाला. चुलीचा पुढचा ओठ तडकून खाली आला, अन् मांगून वैल बसला, म्हातारं मानूस बसते तसा, हळूच. वैलावरची डाळ कलंडली. घर धुरानं भरलं. जावा पदर तोंडाले लावून बाहेर पळाल्या. रुख्मिणी तिथंच उकिडवी बसून राह्यली. रडली नाई. नुसती म्हने, "काकू, आईनं मले राख देल्ली होती."

चूल देल्ली होती म्हटली नाई. राख देल्ली होती म्हटली.

बबनराव आले, पाह्यलं, अन् गड्यानं तीन धोंडे मांडून बाहेर थापलेली भाकर गुमान खाल्ली. उठताना म्हने, "अनसिंगले सांगावा धाडू नका कोनी." मानूस बरा होता तो, उशिरा बरा होता एवढंच.

दुसऱ्या दिवशी रुख्मिणी नवी चूल घालाले पांढरीची माती घेऊन आली. तिचा मामा रिसोडच्या कापसाच्या जिनात वाफेच्या बंबावर काम करे. लहानपनी ती त्याचा डबा न्याले जाये अन् तो मोठा बंब पाहत बसे. तिथं जाळाच्या खाली लोखंडाच्या सळया असतेत, राख आपोआप खाली पडते, अन् खालून एका ओढीत काढतेत. हे तिच्या डोक्यात होतं. जगदेवले म्हने, गाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचे तुकडे आनून द्या. जगदेव नवा नवरा, चांदनी मांगतली असती तरी शिडी शोधाले गेला असता. घासलेटचा रिकामा डबा कापून, कडा ठोकून तिनं परात केली. गव्हाचा भुसा घालून माती तुडवली. मी पानी आनून देल्लं, अन् बोलत राह्यली. बोलनं बी कामच असते, करून पाहा. सळयाच्या वर जाळ, सळयाच्या खाली परात. परात ओढली का राख बाहेर. वैलाचा बोगदा बी उतरता केला, का त्याची राख सळयाकडंच घसरावी.

"अन् इस्तो?" म्या इच्यारलं. "राख खाली पडली त इस्तो कुठी निजन?"

तिनं कोपऱ्यातली गोरसी दाखवली. बाळंतिनीच्या खाटखाली शेकाले ठेवतेत तेच मातीचं भांडं. राखेनं भरलेलं. "हिच्यात," म्हने. "आता चुकत नाई."

चूल वाळते न वाळते तोच मनकर्णा वापस आली. ठरल्याच्या आधी. दमनीतून उतरली त डोळे खोल गेलेले.

"झोपलीस का नाई तिथी?" म्या इच्यारलं.

"कायची झोप वो. सोनीची सून पहाटं राख ओढे, अन् अशी ओढे का माहे दात आंबत. उठून बसो मी. मंग सोनी म्हने, बसलीच हायस त शेंगा निवड."

अन् ती आत गेली. घरातले सारे मांगं सरकले. ज्याले जिथी जागा भेटली तिथी तो कामात दिसू लागला. मीच एक उभी राह्यली, मले काम नसतेच.

मनकर्णानं चूल पाह्यली. लय वेळ पाह्यली. मंग सवयीनं उकिडवी बसली अन् हात वैलाच्या तोंडात घातला. हात आत गेला अन् रिकामाच बाहेर आला. तिनं तो पालथा करून पाह्यला, सुलटा करून पाह्यला. स्वच्छ होता.

"इस्तो कुठी निजवतेस?"

रुख्मिणीनं गोरसी पुढं सरकवली. मनकर्णानं उलट्या हातानं वरन हात फिरवला.

"बाभळीचा हाय का?"

"हो आई."

"परात काढली का धूर खालून येत असन."

"मांगं माती लावली, आई."

मनकर्णानं वाकून मांगं पाह्यलं. माती लावली होती. ती अजून काई शोधत होती, आमाले दिसत होतं. मंग हळूच म्हने, "माही चूल कुठी टाकली? उकिरड्यावर?"

"नाई. फोडून हिच्यातच कालवली."

मनकर्णानं चुलीच्या ओठावर बोट फिरवलं. मंग म्हने, "जाय, पानी दे. घसा सुकला." बस. मी एवढ्या तयारीनं उभी होती, भांडन सोडवाले पदर बी खोचलता, अन् झालं काईच नाई.

दुसऱ्या पहाटं मी खापर घेऊन गेली. रुख्मिणी परात ओढत होती. ओढली, चाळली, वाफ्यात टाकून आली. मनकर्णा घोंगड्यावर भिंतीले टेकून जागी. मान चुलीकडं.

"आई, निजा न," रुख्मिणी म्हने.

"निजते. तू कर."

निजली नाई. त्याच्या दुसऱ्या दिवशी बी तसंच. मंग आडवी होऊन डोळे उघडे ठेवून. मी म्हटलं, "मनकर्णे, तुले झोप येत नाई त माही घे, मले लय हाय." ती म्हने, "गप. तिची परात वाजते का पाहून राह्यली." परात वाजत नोती. रुख्मिणीनं खाली चिंधी आंथरली होती.

मंग एका सकाळी मी गेली त रुख्मिणीनं ओठावर बोट ठेवलं. मनकर्णा कुशीवर झाली होती, उजवा हात गालाखाली. घोरून राह्यली होती, चांगली, सालगड्यावानी. मी मुकाट चुलीजवळ बसली. मी मुकाट बसली हे सांगून गावात कोनाले पटलं नाई, पन बसली.

चूल पेटली. भाकरी झाल्या. गडी वावरात गेले. दारातून ऊन आत आलं, पयले उंबऱ्यावर, मंग तिच्या पायावर, मंग घोंगड्यावर चढत चढत तिच्या तोंडावर. तिच्या कपाळाच्या सुरकुत्यात अजून जुनी राख होती, ते उन्हात दिसली.

बबनराव आत आले. पाह्यलं अन् घाबरले. "हिले काय झालं?"

"काई नाई झालं. झोपली हाय."

ते तिच्या डोळ्यावर ऊन येते म्हनून दार लोटाले गेले. म्या हात धरला त्याईचा.

"राहू द्या, भाऊजी. तिले तेच पाह्यजे होतं."

त्याईनं दार सोडलं अन् जोडे हातात घेऊन, अनवानीच बाहेर गेले. माह्या खापरातला इस्तो तेवढ्यात विझून गेलता. रुख्मिणीनं गोरसीतला दुसरा काढून देल्ला.